थोरली पाती

पोलंडच्या प्यास्त घराण्याबद्दल जे वाचायला मिळतं, त्यात दोन नावं कायम पुढे असतात. एक, ९६६ साली बाप्तिस्मा घेणारा म्येश्को. दुसरा, चौदाव्या शतकातला काझिमिएझ, ज्याला पोलिश लोक 'थोर' म्हणतात. पहिल्यापासून राज्य सुरू होतं, आणि १३७० मध्ये दुसऱ्याच्या मृत्यूबरोबर घराण्याची राजगादी संपते. माझं मन मात्र गेली काही वर्षं या घराण्याच्या सायलेशियातल्या, म्हणजे आजच्या पोलंडच्या नैऋत्य भागातल्या, शाखेत गुंतलं आहे. वंशावळीत ती थोरली पाती. तिच्यातल्या एकाच्याही डोक्यावर पोलंडचा मुकुट चढला नाही. या लोकांनी जमीन वाटली, गहाण टाकली, विकली, एकमेकांना कैदेत घातलं, परक्या राजांपुढे गुडघे टेकले. आणि तरी काझिमिएझ गेल्यावर आणखी तीनशे पाच वर्षं, १६७५ पर्यंत, ही पाती टिकून राहिली.

त्यांच्याविषयी मला जे वाटतं ते आधीच सांगते. पिढ्यान्‌पिढ्या यांच्या हातातली जमीन आटत गेली, आणि जसजशी ती आटली तसतशी आपण कोण होतो याची आठवण त्यांच्याकडे दाट होत गेली. जिंकलेल्या घराण्यांच्या बखरी मी खूप वाचल्या. हरत गेलेल्या घराण्याने इतक्या चिकाटीने स्वतःला लिहून ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सगळ्याची सुरुवात एका मृत्युपत्रापासून होते. तिसरा बोलेस्वाफ ११३८ मध्ये वारला. आपल्यामागे मुलं भांडतील हे त्याला दिसत होतं. तो स्वतः सावत्र भावाशी झगडून गादीवर आला होता आणि शेवटी त्याने त्या भावाचे डोळे काढायला लावले होते. म्हणून त्याने राज्य मुलांमध्ये वाटून दिलं. सर्वांत थोरला व्वादिस्वाफ, पहिल्या बायकोचा. त्याला सायलेशिया, आणि शिवाय क्राकुफसह वडीलकीचा मुलूख, म्हणजे सगळ्या भावांवर अधिकार. धाकटे सावत्र भाऊ, दुसऱ्या बायकोचे. कागदावर ही व्यवस्था नीट होती. पण वडीलकीच्या हक्काला धाकट्यांनी मान द्यायचा तर थोरल्यालाही हात आखडता घ्यावा लागतो, आणि व्वादिस्वाफला सगळंच हवं होतं. राज्यातला सर्वांत बलाढ्य सरदार प्योत्र व्वोस्तोविच आड आला तेव्हा त्याचे डोळे काढले गेले, जीभ कापली गेली. मग सरदार फिरले, धर्मगुरू फिरले, आर्चबिशपने व्वादिस्वाफला बहिष्कृत केलं. ११४६ मध्ये त्याला देश सोडावा लागला. त्याची बायको आग्नेस ऑस्ट्रियाच्या बाबेनबर्ग घराण्यातली, जर्मन राजाची सावत्र बहीण. पोलिश इतिवृत्तकारांनी सगळा दोष तिच्या माथी मारला. तिनेच नवऱ्याचे कान भरले, म्हणे. घर फुटलं की बाहेरून आलेल्या सुनेकडे बोट दाखवण्याची ही रीत मला कुठेही भेटली तरी तितकीच खुपते. प्योत्रचे डोळे काढण्याचा अधिकार आग्नेसकडे नव्हता, नवऱ्याकडे होता.

व्वादिस्वाफ परत आलाच नाही. ११५९ मध्ये जर्मनीत आल्टेनबर्गला वारला. पोलिश इतिहासात त्याचं नावच 'निर्वासित' असं पडलं. सम्राट बार्बारोसाच्या दबावामुळे ११६३ मध्ये त्याच्या मुलांना सायलेशियात परतू दिलं गेलं. क्राकुफ मात्र काकांकडेच राहिलं. थोरल्या पातीची सुरुवात अशी झाली: बापाचा हक्क गेलेला, मुलांच्या हाती ओद्रा नदीच्या दोन्ही काठांचा एक प्रदेश, आणि आयुष्याची सतरा वर्षं परदेशात गेलेली.

या मुलांतला बोलेस्वाफ 'उंच' म्हणून ओळखला जातो. त्याचा मुलगा 'दाढीवाला' हेन्रिक. या हेन्रिकचा काळ, १२०१ ते १२३८, मला या घराण्यातला सर्वांत भरीव वाटतो. त्याने जंगलं तोडून गावं वसवली, जर्मन शेतकरी, विणकर, खाणकामगार बोलावले. झ्वोतोरिया नावाच्या गावाला १२११ मध्ये शहराची सनद मिळाली. आजच्या पोलंडच्या हद्दीतली ती अशा सर्वांत जुन्या सनदांपैकी. तिथल्या ओढ्यांत सोनं सापडायचं, म्हणून खाणकामगार आले होते. पुढे राष्ट्रवादाच्या काळात याच वसाहतींवरून दोन देशांच्या इतिहासकारांनी शतकभर वाद घातला. हेन्रिकला असला प्रश्न पडलाही नसेल. त्याला कर भरणारी माणसं हवी होती आणि माणसांना जमीन.

त्याची बायको याद्विगा बव्हेरियातून आली, लग्न झालं तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. तिच्याच इच्छेने त्शेब्नित्साला सिस्टर्शियन जोगिणींचा मठ उभा राहिला. मुलं झाल्यावर नवरा-बायकोने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि तेव्हापासून हेन्रिकने दाढी वाढवली, असं सांगतात. याद्विगा बर्फातही अनवाणी चालायची. कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूने जोडे घालायची आज्ञा केली, तर तिने जोडे घेतले आणि काखेत धरून चालू लागली. १२६७ मध्ये रोमने तिला संत म्हणून जाहीर केलं. आजही चित्रांत, मूर्तींत याद्विगा ओळखायची ती तिच्या हातातल्या जोड्यांवरून.

याच प्रदेशात, हेन्रिकुफच्या मठात, साधारण १२७० च्या सुमारास प्योत्र नावाच्या मठाधिपतीने एक वही लिहिली. हेतू अगदी व्यवहारी. मठाला जमिनी कुणी, कधी, कशा दिल्या हे नोंदवून ठेवायचं, म्हणजे दात्यांच्या वारसांनी उद्या दावा ठोकला तर उत्तर हाताशी असेल. लॅटिनमध्ये लिहिलेल्या या जमिनींच्या कज्ज्यात मध्येच एक माणूस बोलतो. बोगुख्वाव नावाचा चेक शेतकरी, उंच बोलेस्वाफच्या काळात तिथे वसलेला. त्याची बायको दिवसभर हाताच्या दगडी जात्यावर दळत बसायची. त्याला तिची दया आली आणि तो म्हणाला, 'आण, मी दळतो, तू जरा विसावा घे.' मठाधिपतीने हे वाक्य जसंच्या तसं त्यांच्या बोलीत टिपलं, आणि पोलिश भाषेतलं लिखित स्वरूपात उरलेलं सर्वांत जुनं वाक्य म्हणून आज ते ओळखलं जातं. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत ही वही गेली. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने शेकडो वर्षं ओव्या गाइल्या, सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल सगळं गाइलं. त्या ओव्यांत जात्याचा खुंटा हातातून काढून घेणारा नवरा मला तरी भेटला नाही. म्हणून बोगुख्वाव मला फार जवळचा वाटतो. शेजारी-पाजारी त्याला त्या दळण्यावरूनच नवं नाव देऊन मोकळे झाले, आणि गावालाही तेच चिकटलं.

आता १२४१. दाढीवाल्या हेन्रिकने क्राकुफ पुन्हा मिळवलं होतं, शेजारचे मुलूखही जोडले होते. मुलाच्या, 'धर्मशील' हेन्रिकच्या, डोक्यावर मुकुट ठेवण्याची तयारी करता करता तो १२३८ मध्ये वारला. शंभर वर्षांपूर्वी हातचं गेलेलं परत येण्याच्या बेतात होतं. आणि पूर्वेकडून मंगोल आले. ९ एप्रिल १२४१ रोजी लेग्नित्साजवळच्या माळावर धर्मशील हेन्रिकचं सैन्य मोडलं आणि तो मारला गेला. मंगोलांनी त्याचं शिर भाल्यावर खोचून लेग्नित्साच्या तटासमोर मिरवलं. रणांगणावरची प्रेतं नागवलेली, ओळख पटेना. परंपरा सांगते, बायको आन्ना आली आणि तिने बिनशिराचं धड पायावरून ओळखलं. डाव्या पायाला सहा बोटं होती.

हा तपशील खरा की रचलेला हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच येतं की राजाची ओळख पटवणारी सगळी चिन्हं, चिलखत, अंगठी, चेहरा, नाहीशी झाल्यावर जे उरलं ते फक्त बायकोला ठाऊक होतं. म्हातारी याद्विगा तेव्हा जिवंत होती. असा मुलगा दिल्याबद्दल तिने देवाचे आभार मानले, असं तिच्या चरित्रात लिहिलं आहे. तिच्या मुलांपैकी एकटी गेर्त्रुदा, त्शेब्नित्साच्या मठाची प्रमुख, आईच्या मागे उरली.

त्या दिवशी मंगोलांनी प्रदेश जिंकून ठेवला नाही, ते पुढे निघून गेले. पण थोरल्या पातीची संधी त्यांच्याबरोबर गेली. हेन्रिकचे मुलगे मोठे झाले आणि वाटण्या सुरू झाल्या. व्रोत्स्वाफ एकाकडे, लेग्नित्सा दुसऱ्याकडे, ग्वोगुफ तिसऱ्याकडे. पुढच्या पिढ्यांत याव्हर, श्विद्नित्सा, ब्झेग. दाढीवाल्याच्या चुलत्याच्या वंशातून ओपोले, चेशिन, रात्सिबुझ, ओश्व्येन्चिम. चौदाव्या शतकात सायलेशियात डझनाहून अधिक छोटी राज्यं होती, आणि बहुतेकांवर प्यास्तांचंच रक्त. वंशावळ उलगडून बसलं की डोकं गरगरतं, कारण नावं तीच ती. ओलेश्नित्साच्या एका राजाने तर आपल्या पाचही मुलांचं नाव कोन्राद ठेवलं. धाकटा कोन्राद, गोरा कोन्राद, बिशप झालेला कोन्राद. यातला गोरा कोन्राद १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत होता, आणि तो पोलंडच्या विरुद्ध बाजूने, ट्युटॉनिक सरदारांकडून, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या पंथाकडून, लढला आणि कैद झाला. म्येश्कोचा वंशज पोलंडच्या राजाविरुद्ध तलवार काढून उभा आहे, इतकं अंतर तीनशे वर्षांत पडलं होतं.

भाऊबंदकीचे किस्से सांगावेत तेवढे थोडे. लेग्नित्साच्या बोलेस्वाफने १२७७ मध्ये आपला सख्खा पुतण्या, व्रोत्स्वाफचा चौथा हेन्रिक, पळवून नेऊन कोंडला आणि सुटकेच्या बदल्यात मुलूख घेतला. हा चौथा हेन्रिक कवी होता. झुरिचमध्ये तयार झालेल्या जर्मन प्रेमगीतांच्या प्रसिद्ध हस्तलिखितात 'ब्रेस्लाउचा हेन्रिक' (ब्रेस्लाउ हे व्रोत्स्वाफचं जर्मन नाव) या नावाची दोन गाणी आहेत, ती त्याचीच मानतात. क्राकुफ त्याने मिळवलं, मुकुटाचीही आशा धरली, आणि १२९० मध्ये अचानक वारला. विषप्रयोगाचा संशय तेव्हापासून आहे. त्याच्यानंतर व्रोत्स्वाफला आलेल्या जाड्या हेन्रिकला १२९३ मध्ये ग्वोगुफच्या भाऊबंदाने धरलं आणि लोखंडी पिंजऱ्यात घातलं. त्यात नीट उभंही राहता येत नव्हतं आणि झोपताही. सहाएक महिन्यांनी बराचसा मुलूख लिहून देऊन तो बाहेर आला, पण तब्येत सावरली नाही. तीन वर्षांत तो गेला. दोनशे वर्षांनंतरही तेच. झागान्यच्या यानने सख्ख्या भावाला बुरुजात कोंडून उपाशी मारलं आणि त्याच १४७२ साली ते राज्यच सॅक्सनीच्या राजांना विकून टाकलं.

विकण्याच्या गोष्टींतली एक मला दीर्घकाळ छळत राहिली. १४५७ मध्ये ओश्व्येन्चिमच्या यानने आपलं छोटं राज्य पोलंडच्या राजाला विकलं. सोवा नदीकाठी एक टेकाड, त्यावर राजाचा वाडा, खाली बाजारपेठ. ओश्व्येन्चिम म्हणजेच ते गाव, ज्याला जर्मन आउश्वित्झ म्हणत. तो वाडा अजून उभा आहे. जगात बहुतेकांना त्या गावाविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, आणि ती तशीच ठाऊक असली पाहिजे. तरी प्यास्तांच्या वंशावळीत बोट फिरवता फिरवता ते नाव समोर आलं की मी थांबते. कुणाच्या तरी लग्नाच्या, कर्जाच्या, साध्या राज्यविक्रीच्या नोंदीत ते नाव चारशे-पाचशे वर्षं निवांत पडून होतं.

मग बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातल्या राज्याचा, काळ आला. १३२७ आणि १३२९ मध्ये बहुतेक सायलेशियन प्यास्तांनी बोहेमियाच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं, १३३५ मध्ये पोलंडच्या काझिमिएझने या मुलखावरचा हक्क सोडायचं मान्य केलं. श्विद्नित्साचा छोटा बोल्को तेवढा १३६८ मध्ये मरेपर्यंत कुणाचा मांडलिक झाला नाही. पण त्याला मूल नव्हतं, आणि पुतणी आन्ना तर बोहेमियाचा राजा आणि सम्राट चौथा कार्ल याची राणी झाली होती. प्रश्न लग्नानेच मिटला.

इथे आठवणीचं काम सुरू होतं. १३२९ मध्ये बोहेमियापुढे वाकलेला लेग्नित्साचा बोलेस्वाफ इतिहासात 'उधळा' म्हणून ओळखला जातो. तो १३५२ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा लुद्विक याने आपल्या पणजोबाच्या आजीचं, संत याद्विगाचं, सचित्र चरित्र तयार करवून घेतलं. ते हस्तलिखित आता अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यातलं पानभर चित्र पाहावं: उंच, निवांत याद्विगा, हातात पुस्तक, जपमाळ आणि ते जोडे, तिच्या पायाशी अगदी लहान आकारात गुडघे टेकलेले लुद्विक आणि त्याची बायको. आणखी पानांवर १२४१ ची लढाई आहे, भाल्यावरचं शिर आहे. बापाने राज्याचं स्वातंत्र्य घालवलं, आणि मुलाने पहिलं काम केलं ते पूर्वजाचा पराभव रंगवून घेण्याचं. लढाई जिंकलेल्या पूर्वजांची या घराण्यात काही वाण नव्हती. त्याला हवी होती ती हीच माणसं. याच लुद्विकच्या ब्झेगमध्ये १३८० च्या दशकात पोलंडच्या राजपुरुषांची बखर लिहिली गेली. बोहेमियाच्या एका मांडलिकाच्या दरबारात पोलंडच्या राजांची बखर! त्यावेळी पोलंडमध्ये राजगादीवर प्यास्त उरलेला नव्हता.

ब्झेग व्रोत्स्वाफहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत येतं. तिथल्या किल्ल्याचा दरवाजा बघायला मी गेले ते या बखरीच्या ओढीनेच. दरवाजा १५५० च्या दशकातला, इटालियन कारागिरांच्या हातचा. तोवर सायलेशिया ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे गेला होता, आणि ब्झेगचा दुसरा येझी त्यांचा मांडलिक होता. धर्माने हे लोक लुथरन झाले होते, बोलत जर्मन होते. आणि या माणसाने घराच्या तोंडाशी काय बसवलं? दोन ओळींत चोवीस पूर्वजांचे अर्धपुतळे. दंतकथेतल्या प्यास्तापासून, म्हणजे नांगर धरणाऱ्या त्या साध्या माणसापासून, स्वतःच्या बापापर्यंत. खाली येझी आणि त्याची बायको बार्बारा, पूर्णाकृती. दगड फिका, कोरीव काम इतकं बारीक की चिलखताचे सांधे मोजता यावेत. मी मान वर करून एकेक चेहरा बघत उभी होते. चेहरे अर्थातच कल्पनेने घडवलेले. सहाव्या-सातव्या पुतळ्यापाशी मला जाणवलं की येझीने इथे राजांची यादी लावलेली नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला, हॅब्सबर्गांच्या अधिकाऱ्यालासुद्धा, आधी या चोवीस जणांच्या नजरेखालून जावं लागत होतं.

बार्बाराच्या पुतळ्याजवळ मात्र दुसरीच गोष्ट सुरू होते. ती ब्रांडेनबुर्गच्या योआखिमची मुलगी. येझीचा बाप फ्रिदेरिक याने १५३७ मध्ये योआखिमशी करार केला होता: आमचा वंश खुंटला तर लेग्नित्सा आणि ब्झेग तुमच्या होहेनत्सोलेर्न घराण्याला. बार्बाराचं लग्न त्याच सोयरिकीचा भाग. नऊ वर्षांत हॅब्सबर्ग राजाने तो करार रद्दबातल ठरवला. पण ब्रांडेनबुर्गवाल्यांनी कागद जपून ठेवला. दोनशे वर्षांनी त्यांचा वंशज, प्रशियाचा फ्रेडरिक, १७४० मध्ये सायलेशियात फौजा घेऊन घुसला तेव्हा जुन्या हक्कांच्या दाव्यात हाच करार पुढे केला. १७४१ मध्ये त्याच्या तोफांनी ब्झेगच्या किल्ल्याचा बराच भाग उद्ध्वस्त केला. ज्या सोयरिकीची खूण म्हणून बार्बारा दारात उभी आहे, तिच्याच नावाने तिचं घर पाडलं गेलं. दरवाजा तेवढा वाचला. आठवण जपून ठेवणं ही गोष्ट नेहमीच निष्पाप नसते, हे मला त्या दारात फार स्पष्ट दिसलं. पूर्वजांची यादी ज्या हाताने कोरली जाते, जवळजवळ त्याच हाताने वारसाहक्काचा कागदही लिहिला जातो.

आणि मग शेवटचा मुलगा. येझी विल्हेल्म २९ सप्टेंबर १६६० रोजी जन्मला. बाप ख्रिस्तियान १६७२ मध्ये वारला तेव्हा लेग्नित्सा, ब्झेग आणि व्होवुफ ही तिन्ही राज्यं याच्या एकट्याच्या नावावर आली, कारण बाकीच्या सगळ्या शाखा तोवर मिटल्या होत्या. आई लुइझा, जर्मनीतल्या आन्हाल्ट घराण्याची, तीन वर्षं कारभार बघत राहिली. १६७५ च्या वसंतात मुलगा व्हिएन्नाला गेला, सम्राट लेओपोल्डपुढे निष्ठेची शपथ घेतली, परत आला आणि स्वतः राज्य करू लागला. हुशार होता, बऱ्याच भाषा जाणत होता. नोव्हेंबरमध्ये शिकारीला गेला, आजारी पडला. देवी. २१ नोव्हेंबर १६७५ रोजी तो गेला. पंधरा वर्षांचा होता. मरण्यापूर्वी त्याने सम्राटाला पत्र लिहून आईला, बहिणीला आणि चुलत्याला सांभाळण्याची विनंती केली. सम्राटाने राज्यं ताबडतोब खालसा केली.

पंधराव्या वर्षी, अंगावर देवीचे फोड असताना, त्या पोराच्या डोक्यात आईच्या पोटगीची काळजी होती. सातशे वर्षांचं ओझं त्याच्या वाट्याला आलं, आणि त्याने ते तक्रार न करता उचललं. त्याच्याविषयी लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही.

लुइझाने पुढे जे केलं त्यासाठी मी लेग्नित्साला गेले. तिथल्या सेंट जॉन चर्चच्या जुन्या भागात, १६७७ ते १६७९ या काळात, तिने प्यास्तांची समाधी उभारली. बांधणीचा मजकूर आणि कल्पना दानियेल कास्पर फॉन लोहेनश्टाइनची. तो बरोक काळातला मोठा जर्मन कवी, आणि मुलगा गेला तेव्हा त्याच्यावर स्तुतिपर ग्रंथही त्यानेच लिहिला होता. शिल्पं माथियास राउखमिलरची. वर घुमटाखाली घराण्याच्या इतिहासातले प्रसंग रंगवले आहेत, आणि खाली चार माणसं उभी आहेत: बाप ख्रिस्तियान, आई लुइझा, मुलगा येझी विल्हेल्म, मुलगी शार्लोटे. पांढऱ्याशुभ्र दगडातली, माणसाच्या मापाची. बाप आणि मुलगा गेलेले, आई आणि मुलगी मागे राहिलेल्या, पण त्या जागेत ती चौघं एकमेकांशी काही बोलत असावीत अशी त्यांची उभी राहण्याची ढब आहे. लुइझाने स्वतःला जिवंतपणी त्या समाधीत उभं करून घेतलं.

ती परक्या घरातली. सून म्हणून आलेली. या घराण्याशी तिचं नातं नवऱ्याचं आणि मुलाचं, आणि दोघंही गेले होते. सम्राटाने राज्य नेलं, धर्मही आता कॅथलिकांच्या हाती जाणार हे दिसत होतं. तिच्या हातात थोडा पैसा होता आणि थोडा वेळ. १६८० मध्ये ती स्वतः वारली. त्या दोन-अडीच वर्षांत तिने आपल्या मुलाचं दुःख नुसतं आपलं ठेवलं नाही, म्येश्कोपासूनच्या सगळ्यांना त्या छोट्या गोल दालनात आणून बसवलं. आग्नेसपासून सुरू झालेल्या या पातीत सुनांना दोष फार मिळाला. आणि शेवटचा दिवा लावला तो सुनेनेच.

मुलगी शार्लोटे तोवर लग्न करून कॅथलिक झाली होती. १७०७ मध्ये ती व्रोत्स्वाफला वारली आणि तिला त्शेब्नित्साला पुरलं, याद्विगाच्या मठात.

यानंतर दोनशे वर्षं या लोकांना कुणी फारसं विचारलं नाही, आणि मग अचानक दोन्ही बाजूंना ते हवेसे झाले. जर्मन म्हणाले, हे आमचे, जर्मन बोलत होते, जर्मन गावं वसवली. पोलिश म्हणाले, हे आमचे, प्यास्त आहेत. १९४५ मध्ये सीमा सरकल्या, सायलेशिया पोलंडला मिळाला, तिथल्या जर्मनांना हाकलण्यात आलं, आणि नव्या सरकारने या भागाला 'परत मिळवलेला मुलूख' म्हटलं. प्यास्त हे नाव भाषणांत, फलकांवर, शाळांच्या पुस्तकांत सर्वत्र आलं. तिथे राहायला आलेली माणसं मात्र बहुतांशी दुसरीकडून उखडलेली होती. त्यातली पुष्कळ पूर्वेकडची, ल्वूफ (आजचं युक्रेनमधलं ल्विव) आणि त्यापलीकडच्या प्रदेशातली, जो आता सोव्हिएत संघात गेला होता. ल्वूफमधलं ओसोलिनेउम ग्रंथालयही व्रोत्स्वाफला आलं.

ही पूर्वेकडची माणसं आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना याच पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे नेलं होतं, आणि इराणमार्गे ते आपल्याकडे पोचले. वळिवड्यातून निघताना त्यांची मूळ गावं पोलंडमध्ये उरली नव्हती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. जे पोलंडला परतले त्यांना जुन्या घरी जाणं शक्य नव्हतं. पंचगंगेच्या काठी पाच वर्षं काढलेल्या त्या बायका आणि व्रोत्स्वाफच्या रिकाम्या घरांत शिरलेल्या बायका एकाच मातीतून निघाल्या होत्या. मी कोल्हापूरच्या बाजूची असल्यामुळे असेल, पण सायलेशियातल्या गावांत फिरताना हे माझ्या मनातून जात नाही.

या नव्या माणसांनीच ब्झेगचा पडका किल्ला महायुद्धानंतर पुन्हा उभा केला. आज तिथे सायलेशियन प्यास्तांचं संग्रहालय आहे, आणि लेग्नित्सा-ब्झेगच्या राजांच्या कोरीव धातूच्या शवपेट्या त्यात मांडलेल्या आहेत. भाषणांतला प्यास्त खोटा होता असं म्हणणं सोपं आहे, पण भिंत बांधणाऱ्यांचे कष्ट खरे होते. मला तरी त्यात दावेदारीपेक्षा दुसरं काही दिसतं: परक्याच्या घरात राहायला आलेल्या माणसांनी त्या घरातल्या मृतांची नावं शिकून घेतली. सायलेशियाच्या एका भागाच्या मानचिन्हावर आजही चंद्रकोर छातीवर घेतलेला काळा गरुड आहे, तो याच पातीचा. ओपोलेकडे निळ्यावर सोनेरी गरुड, तो चुलत पातीचा.

चेशिनबद्दल इथे मी जवळजवळ काहीच लिहिलं नाही, आणि ते मुद्दाम राखून ठेवलं आहे. त्या शाखेची शेवटची सत्ताधीश एलझ्बिएता लुक्रेत्सिया, १६२५ पासून १६५३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्या युद्धाच्या ऐन धुमाळीत, नवऱ्यापासून वेगळी राहून राज्य सांभाळत होती. गाव आता ओल्झा नदीने दोन देशांत वाटलेलं आहे, अर्धं पोलंडमध्ये, अर्धं चेक प्रजासत्ताकात. तिच्या पूर्वजांच्या टेकडीवरचं छोटं गोल देऊळ पोलंडच्या वीस झ्वोतींच्या नोटेवर छापलेलं असतं. तिच्यावर वेगळं लिहायचं आहे, सवडीने.